न्यूट्रॉनचा पीळ



गळिताच्या हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाच्या बैलगाड्यांची रांग आपण पाहिलीच असेल. पूर्वी या गाड्यांना लोखंडी धावेची लाकडी चाके असत. पुढे रबरी टायर आले आणि बैलांचे कष्ट पुष्कळ हलके झाले. वाटेत दगड आला की टायर दबतो, दगड मागे पडला की पूर्ववत होतो. यात आतल्या हवेचा वाटा आहे, तसाच रबराचाही आहे. रबराचा एकेक रेणू म्हणजे हजारो अणूंची लांबलचक साखळी. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात, आणि तशा गुंत्यातही त्या अखंड वळवळत असतात. रबराचा लवचीकपणा या वळवळीतूनच येतो.

आता आपण विचाराल, ही वळवळ पाहिली कोणी? प्रश्न अगदी रास्त आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. साखळीची ही हालचाल काही नॅनोमीटरांत आणि काही नॅनोसेकंदांत चालते. तरीसुद्धा ती मोजली गेली आहे. मोजणारा हेर आहे न्यूट्रॉन नावाचा कण; आणि त्याने ही कामगिरी कशी केली, ती युक्ती आज आपल्याला समजून घ्यायची आहे. युक्ती इतकी सरळ आहे, की शाळेच्या पटांगणात मुलांकडून ती करून घेता येईल.

न्यूट्रॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. १९३२ साली केंब्रिज येथे जेम्स चॅडविक यांनी तो शोधून काढला. त्याच्यावर विद्युद्भार नाही, म्हणून तो पदार्थात शिरला की सहसा कुणाच्या अध्यातमध्यात पडत नाही. अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो खुशाल निघून जातो. एखाद्या अणुकेंद्राशी गाठ पडली तरच त्याची वाट बदलते. न्यूट्रॉनांच्या या विखुरण्याला प्रकीर्णन म्हणतात.

गोट्या खेळणाऱ्या मुलांना हे चटकन उमगेल. आपली गोटी दुसऱ्या गोटीवर आदळून कोणत्या बाजूला गेली, यावरून ती दुसरी गोटी कुठे होती ते कळते. आणि आपल्या गोटीचा वेग किती बदलला, यावरून ती दुसरी गोटी थांबलेली होती की चालत होती, तेही कळते. न्यूट्रॉनचे असेच आहे. त्याच्या बदललेल्या दिशेवरून अणूंची मांडणी समजते आणि बदललेल्या वेगावरून अणूंची हालचाल समजते. अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी पहिल्या प्रकारचे आणि कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी दुसऱ्या प्रकारचे पायाभूत काम केले. त्याबद्दल १९९४ साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूट्रॉनच्या वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणाला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात.

इथवर सारे सोपे आहे. अडचण पुढेच आहे. या कामासाठी अणुभट्टीतून आलेले न्यूट्रॉन थंड करून घेतात, म्हणजे त्यांचा वेग कमी करतात. तरीही तो सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. शिवाय सगळ्यांचा वेग सारखा नसतो; बाजाराला निघालेल्या माणसांसारखे कोणी पुढे, कोणी मागे. आता रबरातली साखळी हळू हलते. तिच्यावर आदळलेल्या न्यूट्रॉनच्या वेगात फरक पडतो तो लाखात एक भाग, म्हणजे ५०० मीटरांत केवळ ५ मिलिमीटर! दोन टन उसाची गाडी काट्यावर चढवावी आणि गाडीवानाच्या चंचीत दोन सुपाऱ्या जास्त आहेत की काय, ते काट्यावरून ओळखावे, तशातला हा प्रकार.

यावर जुना उपाय निवडीचा. आधी अगदी एकाच वेगाचे न्यूट्रॉन निवडून घ्यायचे, मग ते नमुन्यावर सोडायचे आणि बाहेर आल्यावर पुन्हा वेग पाहायचा. मोठ्या फरकांना हा उपाय उत्तम लागू पडतो. पण चाळणी जितकी बारीक, तितके पीठ खाली कमी पडते. लाखातला एक भाग ओळखायचा तर चाळणीही तितकीच बारीक हवी, आणि तीही दोनदा लावायची, नमुन्याच्या आधी एकदा व नंतर एकदा. मग मोजायला न्यूट्रॉनच उरत नाहीत. न्यूट्रॉन काही फुकट मिळत नाहीत. त्यांच्यासाठी अणुभट्टी किंवा तसेच मोठे यंत्र लागते, आणि अशी यंत्रे जगात मोजकीच आहेत. पसाभर बियाण्यासाठी पोतेभर धान्य उकिरड्यावर टाकणे कोणत्या शेतकऱ्याला परवडेल?

तेव्हा प्रश्न असा, की न्यूट्रॉनांची निवड न करता, सगळ्या वेगांचे न्यूट्रॉन घेऊन, त्यांच्या वेगातला सूक्ष्म बदल ओळखता येईल काय?

येथे आपण थोडा वेळ शाळेच्या पटांगणावर जाऊ. मी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती करीन, की हा खेळ एकदा खरोखर करून पाहावा. प्रत्येक मुलाच्या हाती हातभर लांबीची कापडाची पट्टी द्या. डाव्या हातात एक टोक घट्ट धरायचे, उजव्या हाताने दुसऱ्या टोकाला पीळ द्यायचा. शंभर पावलांवर वडाचे झाड आहे असे समजू. गुरुजी एका लयीत टाळ्या वाजवतात. मुलांनी आपापल्या चालीने झाडाकडे निघायचे आणि दर टाळीला पट्टीला उजवीकडे एक पीळ द्यायचा. झाडाला हात लावून लगेच परत फिरायचे. परत येताना मात्र दर टाळीला पीळ डावीकडे द्यायचा, म्हणजे घातलेला पीळ सोडवत यायचे.

आता पाहा. चपळ मुलगा ६० टाळ्यांत झाडापाशी पोचला आणि ६० टाळ्यांत परत आला. ६० पीळ घातले, ६० सोडवले, पट्टी सरळ. सावकाश चालणाऱ्या मुलीला जायला ९० टाळ्या लागल्या आणि यायलाही ९०च लागल्या. तिचीही पट्टी सरळ. दोघांच्या चालीत एवढा फरक, पण शेवटी दोघांचे उत्तर एकच. तिसऱ्या मुलाच्या पायात झाडाखाली काटा मोडला. तो जाताना ६० टाळ्यांत गेला, येताना ६६ टाळ्या लागल्या. त्याच्या पट्टीत ६ पीळ उलटे उरले. गुरुजींनी कोणाचीही चाल मोजली नाही. तरी झाडापाशी कोणाच्या चालीत फरक पडला आणि तो साधारण किती, हे त्यांना पट्टीवरून कळले. आणखी एक गोष्ट. पायात काट्याऐवजी बारीकसा खडा टोचला असेल, तर टाळ्यांच्या संथ लयीत तो फरक कळायचा नाही. टाळ्या जलद वाजवल्या की तोही कळू लागेल.

आता प्रत्येक न्यूट्रॉनजवळ अशी एक पट्टी असती तर? गंमत अशी, की निसर्गाने ती त्याला दिलेली आहे. न्यूट्रॉन हा एक चिमुकला लोहचुंबक आहे, आणि तो स्वतःभोवती गिरकी घेत असल्यासारखा वागतो. या गुणाला शास्त्रज्ञ स्पिन म्हणतात. वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, न्यूट्रॉनवर भारच नाही, तर तो चुंबक कसा? याचे उत्तर असे, की न्यूट्रॉन एकसंध नाही. त्याच्या पोटात क्वार्क नावाचे तीन भारित कण आहेत. त्यांच्या भारांची बेरीज शून्य होते, पण चुंबकपणाची होत नाही. न्यूट्रॉनचे हे चुंबकत्व १९४० साली अल्व्हारेझ आणि ब्लॉख या दोघांनी अमेरिकेत नेमके मोजले.

चुंबकसूची चुंबकीय क्षेत्रात ठेवली की ती वळून क्षेत्राच्या दिशेला लागते. गिरकी घेणारा चुंबक तसे करीत नाही. भोवरा आठवा. फिरता भोवरा कलला तरी पडत नाही. कललेल्या स्थितीतच त्याचे डोके हळूहळू गोल फिरू लागते. या डुलत्या फिरण्याला परांचन म्हणतात. आपली पृथ्वीही असाच एक भोवरा आहे. तिच्या आसाला असा एक फेरा पुरा करायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. सूर्याचे उत्तरायण खरे पाहता २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, पण आपण मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला करतो. हे अंतर त्या परांचनामुळेच साठत गेले आहे.

न्यूट्रॉनचा भोवरा मात्र फार चपळ. एक गाऊस इतक्या चुंबकीय क्षेत्रात तो सेकंदाला सुमारे २,९१६ फेरे घेतो. आपल्या महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र साधारण ०.४ गाऊस आहे, तेवढ्यातही त्याचे हजारावर फेरे होतात. क्षेत्र वाढवले की फेरे त्याच प्रमाणात वाढतात. हा नियम जोसेफ लार्मर या आयरिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की भोवरा कमी कललेला असो वा जास्त, फेऱ्यांची गती तीच राहते. म्हणजे हे विश्वासाचे घड्याळ झाले. गुरुजींची टाळी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आणि पट्टीचा पीळ म्हणजे न्यूट्रॉनचे फेरे.

हा खेळ न्यूट्रॉनांकडून खेळवून घ्यावा, ही कल्पना हंगेरीतील बुडापेस्टचे शास्त्रज्ञ फेरेंक मेझेई यांनी १९७२ साली मांडली. तिचे एक भावंड आधीच जन्मलेले होते. १९५० साली एर्विन हान यांनी हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे विस्कटलेले फेरे पुन्हा जुळवून दाखवले होते आणि त्याला स्पिनचा प्रतिध्वनी असे नाव दिले होते. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रातही ती युक्ती वापरतात. मेझेई यांनी ती धावत्या न्यूट्रॉनांना लावली. म्हणून त्यांच्या उपकरणाला स्पिन-प्रतिध्वनी स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील लाउए-लांजव्हँ संस्थेत त्याच दशकात असे पहिले मोठे उपकरण उभे राहिले.

हे उपकरण चालते कसे, ते क्रमाने पाहू. प्रथम न्यूट्रॉन एका चुंबकीय आरशावरून जातात. ज्यांचे चुंबक एका ठरावीक दिशेला आहेत तेवढेच पुढे येतात. वेग मात्र ज्याचा त्याचा. दुसऱ्या पायरीला एक छोटे वेटोळे त्यांना पाव गिरकी देते, त्यामुळे त्यांचे चुंबक क्षेत्राला आडवे होतात आणि फेरे सुरू होतात. तिसऱ्या पायरीला तांब्याच्या तारेचे काही मीटर लांबीचे मोठे वेटोळे येते. त्यात विजेच्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र निर्माण केलेले असते. येथे प्रत्येक जण आपल्या वेगाप्रमाणे पीळ घालत जातो. मग येतो तपासायचा नमुना, म्हणजे आपले वडाचे झाड. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे आणखी एक छोटे वेटोळे असते. ते न्यूट्रॉनच्या चुंबकाला अर्धी गिरकी देऊन उलटे करते. या एका पलटीने, जो जितका पुढे गेला होता तो तितकाच मागे पडतो. पहिल्या भागातला सगळा पीळ जणू उलट्या बाजूचा ठरतो. त्यापुढे पहिल्यासारखेच दुसरे मोठे वेटोळे असते. त्यात पुन्हा तितकेच फेरे झाले की बेरीज शून्य. शेवटी पाव गिरकी, चुंबकीय आरसा आणि न्यूट्रॉन मोजणारा गणक.

आकडे घालून पाहू. समजा वेग सेकंदाला ५०० मीटर आहे, वेटोळे २ मीटर लांब आहे आणि क्षेत्र १,००० गाऊस आहे. वेटोळ्यातून जायला न्यूट्रॉनला सेकंदाचे ४ सहस्रांश लागतील आणि तेवढ्यात त्याचे सुमारे ११,६६४ फेरे होतील. नमुन्यात त्याचा वेग लाखात एक भागाने बदलला, तर दुसऱ्या वेटोळ्यात सुमारे एक-नवमांश फेऱ्याचा फरक पडेल. वर्तुळावर हा कोन ४२ अंशांचा झाला. ४२ अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याची ७ मिनिटांची चाल. ती कोणालाही दिसेल! काट्यावर न दिसणाऱ्या सुपाऱ्या अशा रीतीने दिसू लागल्या. आणि न्यूट्रॉनांच्या वेगांत आपापसांत शंभरात दहा-पंधरा भागांचा फरक असला तरी चालतो. पोतेभर धान्य वाया गेले नाही.

गणक एकेका न्यूट्रॉनचा पीळ वाचीत नाही, हे लक्षात ठेवावे. योग्य दिशेला परतलेले न्यूट्रॉनच जास्त करून आरशातून पुढे जातात, आणि तेवढ्यांची मोजदाद होते. नमुन्यात हालचाल नसेल तर सगळ्यांचे पीळ सुटतात आणि प्रतिध्वनी भरघोस येतो. हालचाल असेल तर काहींचे पीळ शिल्लक राहतात आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. मग प्रवाह वाढवीत न्यायचा, म्हणजे टाळ्या जलद करायच्या, आणि प्रतिध्वनी कसा ओसरतो ते पाहायचे. त्यावरून पदार्थातली एखादी रचना किती काळ टिकते ते थेट कळते. वरच्या उदाहरणात हा काळ सुमारे १८ नॅनोसेकंद येतो. न्यूट्रॉनचा वेग निम्मा केला तर तो आठपट होतो, म्हणजे दीडशे नॅनोसेकंदांच्या घरात जातो. म्हणूनच येथे संथ न्यूट्रॉनांना इतका मान आहे.

कल्पना सोपी असली तरी ती अमलात आणणे सोपे नाही. मधून जाणारा न्यूट्रॉन आणि कडेने जाणारा न्यूट्रॉन यांना सारखेच क्षेत्र भेटले पाहिजे, नाहीतर पीळ नमुन्यामुळे उरला की वेटोळ्यामुळे, हे कसे ठरवणार? त्यासाठी क्षेत्रातली असमानता दुरुस्त करणारी खास वेटोळी बसवावी लागतात. जवळपासचे लोखंड, चालती यंत्रे, शेजारच्या प्रयोगातले चुंबक, साऱ्यांचाच उपद्रव होतो. आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेवर असाच प्रसंग आला होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १९०४ साली अलिबागला हलवावी लागली. सूक्ष्म मोजणी करणाऱ्याला शेजार नीट पारखून घ्यावा लागतो, हेच खरे.

आता पुन्हा रबराच्या साखळ्यांकडे वळू. गुंत्यात सापडलेली साखळी हलते कशी? १९७१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-जील द जेन यांनी एक तर्क मांडला. आजूबाजूच्या साखळ्यांमुळे तिला आडवे सरकता येत नाही. म्हणून बिळातून साप जावा तशी ती आपल्याच लांबीच्या दिशेने सरकते. आजूबाजूच्या गुंत्याची जणू एक नळीच तिच्याभोवती तयार होते. तर्क सुंदर होता. पण नळी खरोखर आहे, याला साक्षीदार कोण? साक्ष दिली ती न्यूट्रॉनच्या पिळाने. साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन न्यूट्रॉनला वेगवेगळे दिसतात. तेव्हा काही थोड्या साखळ्या साध्या हायड्रोजनच्या आणि बाकीच्या जड हायड्रोजनच्या घेतल्या, की काळ्या मेंढरांच्या कळपात पांढरे मेंढरू ओळखावे तशी एकेक साखळी ओळखता येते. जर्मनीचे डिटर रिश्टर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास आणि त्यापुढच्या वर्षांत असे प्रयोग केले. साखळी सुरुवातीला मोकळी वळवळते आणि प्रतिध्वनी झपाट्याने ओसरतो. पुढे ओसरणे एकदम मंदावते, कारण साखळी नळीच्या भिंतींना जाऊन भिडलेली असते. त्यावरून नळीची रुंदीही काढता आली. ती निघाली अवघ्या काही नॅनोमीटरांची. द जेन यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतताना ते इतके चिवटपणे का वाहते, याचे उत्तर या नळ्यांत आहे.

सजीवांच्या शरीरातली प्रथिनेही या पद्धतीने तपासली जातात. यीस्टमध्ये सापडणारे, अल्कोहोलवर काम करणारे एक एन्झाइम आहे. त्याचे मोठे भाग एकमेकांच्या संदर्भात कसे हलतात, ते २००८ साली याच तऱ्हेने नोंदवले गेले. प्रथिन म्हणजे दगडी मूर्ती नव्हे, काम करणारा हात आहे, हे त्यातून दिसून आले.

या सर्व शास्त्राशी आपलाही ऋणानुबंध आहे. डॉ. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम केले आणि परत येऊन तुर्भे येथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या संशोधनाचा पाया घातला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा ही आपली पहिली अणुभट्टी तेथलीच. १९८५ साली ध्रुव भट्टी कार्यान्वित झाली. तिच्याभोवती न्यूट्रॉनांची अनेक उपकरणे आहेत, आणि न्यूट्रॉनांचे चुंबक एका दिशेला लावून चुंबकीय पदार्थ तपासण्याची सोयही तेथे आहे. देशातल्या विद्यापीठांतले संशोधक तेथे जाऊन प्रयोग करतात. खेड्यातल्या शाळेत आज कापडाच्या पट्टीला पीळ घालणारी एखादी मुलगी उद्या तेथे जाऊ शकेल, यात अशक्य असे काही नाही.

शेवटी एक विचार शिक्षकांपुढे ठेवतो. जुन्या पद्धतीत सगळे न्यूट्रॉन एका मापाचे हवे होते, आणि जे मापात बसत नव्हते ते टाकून द्यावे लागत होते. नव्या पद्धतीने प्रत्येकाला त्याच्या वेगाने जाऊ दिले आणि त्याची तुलना त्याच्याच आधीच्या चालीशी केली. त्यामुळे कोणी वाया गेले नाही, आणि मोजणी मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक झाली. वर्गात साठ मुले बसलेली असतात, साठ चालींची. त्यांना मोजतानाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.